शंभर मिलिमीटर

कागदावर एक आडवी रेघ.
डाव्या टोकाला छापलंय: अजिबात दुखत नाही.
उजव्या टोकाला: याहून जास्त दुखूच शकत नाही.
मधे कुठंतरी उभी खूण करायची,
मग मी पट्टी लावते
आणि दुखण्याचा आकडा होतो.

एंडेल राउडसिक, सहभागी क्रमांक सत्तेचाळीस,
वय अडुसष्ट, उजवा गुडघा,
पेन धरून नुसताच बसून राहिला.
बाहेर एमायोगी काठाकाठानं गोठत आलेली.
'रेघ आखूड आहे,' तो म्हणाला.

मला वाटलं, दुखणं मावत नाहीये.
असं बरेच जण म्हणतात,
त्यासाठी माझी एक ठरलेली मान आहे, ती मी हलवली.
'तसं नव्हे गं. आखूड आहे. दोन मिलिमीटर.'

एकोणचाळीस वर्षं त्यानं तार्तूत फरश्या बसवल्या.
शाळा, पोहण्याचा तलाव,
मी जन्मले त्या प्रसूतिगृहाचा पॅसेज.
गुडघे टेकणं म्हणजे हरणं, म्हणतात.
हा रोज सकाळी साडेसातला टेकायचा,
हरायला वेळ कुणाला होता,
सिमेंट आळायच्या आत ओळ पुरी करायची असे.
कुणाची अक्कल गुडघ्यात असते; याची होतीच.
कुठली फरशी खालून पोकळ आहे
ते कानाआधी त्याच्या गुडघ्याला कळायचं.

मी पट्टी लावली.
अठ्ठ्याण्णव.

कुणीतरी प्रतीची प्रत काढली होती,
मशीननं आपल्या परीनं थोडं आवरतं घेतलं होतं.
डॉक्टर लेपमेट्स चष्मा कपाळावर चढवून धावत खाली आल्या.
कपाट उघडलं, फायली जमिनीवर पसरल्या:
एकतीस माणसांचं दुखणं
आम्ही तीन आठवडे कमी मोजत होतो.
समितीला पत्र गेलं. नवे कागद आले,
एकेका रेघेवर मी पट्टी ठेवली,
रात्री स्वप्नातही ठेवली.

त्याची खूण: एकसष्ट.

सिरिंजभोवती करडी चिकटपट्टी.
आत औषध की मिठाचं पाणी,
त्याला माहीत नाही, मला माहीत नाही,
आणि हे न माहीत असणं
आम्ही किती काळजीनं जपतो,
कुलपात, दोन सह्यांनिशी.

मार्चमध्ये अठ्ठेचाळीस. जूनमध्ये चाळीस.
सप्टेंबरात आला तो कागदी पिशवी घेऊन,
पिशवीला माती, आत पिवळी अळंबी.
'भेट घेता येत नाही. नियम आहे.'
'मग दुष्परिणाम म्हणून लिही,' तो म्हणाला,
'जंगलात खाली बसलो, शेवाळावर, दोन्ही गुडघ्यांवर.
आणि उठलो. झाड न धरता.'
यासाठी अर्जात रकाना नव्हता.
शेरा या जागी मी लिहिलं: उठला.
मग खोडलं नाही.

एप्रिलात लिफाफे उघडले.
पडद्यावर दोन रेषा, औषधाची आणि पाण्याची,
एकाच जिन्यानं उतरणाऱ्या बहिणींसारख्या,
मधे एक पायरीही अंतर नाही.
लेपमेट्सबाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
सात वर्षं. मग म्हणाल्या,
'हेही छापायचं. हेच छापायचं,'
आणि कॉफी प्यायला गेल्या, कप इथेच विसरून.

सहभागींना फोन करणं माझ्याकडे.
सत्तेचाळीस: पाणी.

पलीकडे शांतता. मागं कुठंतरी किटली.
'किती पाणी?'
'दोन मिलिलिटर.'
'आणि रेघ? नंतरच्या सगळ्या बरोबर होत्या?'
'शंभरच्या शंभर. मी मोजल्यात.'
'मग झालं,' तो म्हणाला.
काय झालं, ते मला विचारता आलं नाही.

'म्हणजे अभ्यास संपला?'
'संपला.'
'आता अळंबी घेशील?'
'एप्रिलात कुठली अळंबी?'
'वाळवलेली आहेत,' तो म्हणाला.
'तुझ्या वाटणीची ठेवलीत.'